ट्रज, प्लॉड, स्ट्रोल, सॉन्टर : चालण्याचे इंग्रजी शब्द मुलांना कसे सांगावेत?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. परवा धड्यात एक म्हातारा संध्याकाळी घरी येतो, तिथं क्रियापद होतं ‘ट्रज’. मुलांनी गाईड उघडलं : ‘हळूहळू चालणे’. पुढच्या परिच्छेदात ‘स्ट्रोल’ आलं. गाईड : ‘हळूहळू चालणे’. मग ‘अँबल’ आलं, तर ‘रमतगमत, हळूहळू चालणे’. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, सगळ्याचा अर्थ एकच असंल तर एवढे शब्द केले कशाला?”

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हातारा ‘स्ट्रोल’ करत घरी आला म्हटलं, की त्याचं जेवण झालेलं असतं, हवा छान असते आणि कुणी तरी भेटेल या आशेनं तो रेंगाळत असतो. ‘ट्रज’ करत आला म्हटलं, की दिवसभर राबून अंगातलं त्राण गेलेलं असतं आणि घर अजून लांब असतं. एका क्रियापदानं त्या माणसाचा अख्खा दिवस बदलतो, आणि आमच्या गाईडनं तो दिवसच पुसून टाकला.

माझं म्हणणं असं की हे शब्द समानार्थींच्या यादीनं शिकवूच नयेत. प्रत्येक शब्दाला आपल्या गावातला एक चालणारा माणूस जोडून द्यावा. सोमवारी तोच धडा पुढं चालू करायचा आहे. तुमच्याकडचे चालणारे सांगा.

---

हरभट_रोड

सांगलीत दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या नावाच्या रस्त्यावर उभं राहा, ताई. पुढं साड्या बघत चाललेल्या मावश्या : स्ट्रोल. मागं चार-चार पिशव्या धरून चाललेले काका : ट्रज. रस्ता तोच, वेग तोच, दोघांमधलं अंतर कायम पाच फूट. 😄

---

काळं_रान

वरचा विनोद आवडला, आणि त्यात मुद्दाही आहे : वेग एकच असू शकतो. पण ट्रजचा खरा माणूस आमच्याकडं वाळवा तालुक्यात बघायला या.

रात्रपाळीची लाईट, उसाला पाणी पाजायला गेलेला गडी पहाटे परत निघतो. काळ्या रानात पाणी प्यालेली माती चपलेला धरते. दहा पावलांत चप्पल दुप्पट जाड होते, वीस पावलांत पायाला वीट बांधल्यासारखं होतं. मग गडी बांधाच्या दगडावर तळवा घासतो, चिखलाचा पोळा निघतो, परत दहा पावलं. शेवटी चपला हातात घेतो. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, तीही मिणमिणती. बोलायची ताकद नसते. वडिलांना असं येताना मी लहानपणी दारातनं बघितलंय. पाऊल उचलायचं ते ठरवून उचलावं लागतं. ट्रज म्हणजे तेच.

‘प्लॉड’ त्याच्या शेजारचा, पण वेगळा. प्लॉडमध्ये जडपणा आहे पण कंटाळा असेलच असं नाही. नांगराच्या मागं बैलाच्या चालीनं चाललेला माणूस प्लॉड करतो. हळू, एका लयीत, न थांबता. संध्याकाळपर्यंत रान नांगरून होतंच. ट्रज करणारा थकलेला असतो, प्लॉड करणारा चिवट असतो.

---

पायवाट

+१. चिखलाचा पोळा डोळ्यासमोर आला.

---

अनुवादवेडी

सुंदर धागा. वीस वर्षं अनुवाद करते आहे आणि या शब्दांनी मला फार वेळा अडवलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

स्ट्रोल, सॉन्टर, अँबल ही तिघं गाईडला सारखी वाटतात. माझ्या लेखी फरक असा. स्ट्रोल हा हेतूचा शब्द आहे : चालायला म्हणूनच बाहेर पडलोय. आपला ‘फेरफटका’ बरोबर बसतो; रात्री जेवून घेतली तर ‘शतपावली’. सॉन्टर हा आविर्भावाचा शब्द आहे. तास सुरू होऊन दहा मिनिटं झालीत आणि एक पोरगा खिशात हात घालून, जणू काही घडलंच नाही अशा थाटात वर्गात येतो, तो सॉन्टर करतो. त्याला घाई नाही आणि घाई नाही हे इतरांना दिसतंय. म्हणून सॉन्टर बघून बाई चिडतात, स्ट्रोल बघून कुणी चिडत नाही. अँबलमध्ये हेतू नाही, आविर्भावही नाही. फक्त सैल, संथ चाल.

आता मोठा मुद्दा. इंग्रजी चालण्याची ढब क्रियापदातच भरून टाकते आणि दिशा बाहेर एखाद्या छोट्या शब्दावर ठेवते. मराठीचं उलट आहे. इंग्रजी माणूस ‘लिंप्ड इन’ म्हणतो, आपण ‘लंगडत आत आला’ म्हणतो. आपलं मुख्य क्रियापद ‘आला’, म्हणजे दिशा. आणि ढब ‘लंगडत’मध्ये, बाजूला. लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९८५ साली जगातल्या भाषांची अशी विभागणी मांडली आणि ती आजही अभ्यासली जाते. म्हणजे आपल्याकडं शब्द कमी आहेत असं कुणी मुलांना सांगू नका. आपले शब्द क्रियापदांच्या रकान्यात शोधले तर थोडे सापडतात, कारण ते दुसऱ्या रकान्यात भरलेत : झपाझप, तुरुतुरु, लुटूलुटू, दुडूदुडू, लगबगीनं, ठुमकत, मुरडत, दबकत, फेंगडत, पाय ओढत, ढांगा टाकत.

---

यवतेश्वरचा_वारा

वाचनखूण साठवली. सॉन्टरबद्दल एक छान गोष्ट वाचलेली. मध्ययुगात यात्रेकरू ‘सेंत तेर’ला, म्हणजे पवित्र भूमीला चाललोय असं सांगत गावोगाव फिरायचे, त्यावरून पोरं त्यांना ‘सॉन्टरर’ म्हणू लागली. मुलांना सांगायला मस्त आहे.

---

अनुवादवेडी

@यवतेश्वरचा_वारा, गोष्ट गोड आहे, पण मुलांना खरी म्हणून सांगू नका. ती थोरो या अमेरिकी लेखकाच्या चालण्यावरच्या निबंधामुळं पसरली. तो १८६२ साली, त्याच्या मृत्यूनंतर लगेच छापला गेला. भाषाशास्त्रज्ञ ती व्युत्पत्ती मानत नाहीत. शब्दाचं मूळ अनिश्चित आहे.

---

यवतेश्वरचा_वारा

अरेरे. पण कळलं ते बरं झालं. धन्यवाद.

---

चौखूर

अँबलला फक्त ‘सैल, संथ चाल’ म्हणून सोडू नका! तो मुळात घोड्याचा शब्द आहे. लॅटिनमधल्या ‘चालणे’ या अर्थाच्या धातूवरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला (अँब्युलन्सही त्याच धातूची, आधी ती सैन्यामागं हलणारं इस्पितळ होती). अँबल करणारा घोडा एका बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही पाय जवळजवळ बरोबर उचलतो. त्यामुळं स्वाराला हादरे बसत नाहीत. आपल्याकडं हिला रेवाल चाल म्हणतात. दुडकीत बसलात तर कंबर बोलते, रेवालीत पाठीवरच्या पाण्याचा थेंब हिंदकळत नाही असं आमचे आजोबा सांगायचे. म्हणजे अँबलमध्ये संथपणापेक्षा ‘न हिंदकळणं’ आहे. माणसाला लावताना तोच सुखाचा भाव येतो.

अवांतर : हॉबलचं पण तसंच. एक अर्थ दुखऱ्या पायांनी अडखळत चालणं, दुसरा घोड्याचे पाय दोरीनं बांधणं, म्हणजे तो चरायला फिरेल पण पळणार नाही. आपला ‘पायबंद’ हा घोड्याच्या पायाच्या दोरीचाच शब्द. इंग्रजीत योजना हॉबल होते, आपल्याकडं खर्चाला पायबंद बसतो. दोन्ही भाषा एकाच तबेल्यातून निघाल्या.

---

सरळमार्गी

माफ करा, पण वेगळं मत मांडतो. खेड्यातल्या मुलांना परीक्षेत पास व्हायचंय, मुलाखतीत दोन वाक्यं बोलायचीयत. त्यांना ‘वॉक’ आणि ‘स्लोली’ पुरे आहे. सॉन्टर आणि अँबल यांचा फरक न कळल्यानं कुणाची नोकरी गेलेली ऐकली नाही. तेवढ्या वेळात काळ नीट शिकवा.

---

काळं_रान

@सरळमार्गी दादा, माझ्या वडिलांच्या चालीला ‘वॉक स्लोली’ म्हणू नका एवढंच.

---

चालचिकित्सा

सरळमार्गी, मी मिरजेत फिजिओथेरपी करते आणि आमच्या कामात हा फरक फार महागात पडतो. नातेवाईक सांगतात, “हल्ली हळू चालतात.” हळू म्हणजे कसं? हे विचारण्यात माझी पहिली दहा मिनिटं जातात.

शफल : पाऊल जमिनीवरून उचललंच जात नाही, घासत पुढं सरकतं, पावलं आखूड पडतात, एक हात हलायचा थांबतो, वळताना माणूस लाकडी खांबासारखा अख्खा वळतो. हे पार्किन्सनकडं बोट दाखवणारं असू शकतं. एक आजोबा फरशीवर गोठल्यासारखे उभे राहायचे. फरशीवर पांढऱ्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या, तर प्रत्येक पट्टी ओलांडत पलीकडं गेले. पट्ट्या संपल्या तिथं परत थांबले. त्यांच्या मुलीचा चेहरा अजून आठवतो.

लिंप : एक पाय दुखतो, म्हणून त्या पायावर कमी वेळ भार, दुसऱ्यावर जास्त. चाल लंगडी पण हिशेब पक्का. हॉबल : दोन्हीकडं त्रास, पाऊल कुठं टाकावं याचीच भीती. आपलं ‘खुरडत’ जवळचं आहे. वॅडल : कमरेच्या बाजूचे स्नायू दोन्हीकडं अशक्त असले की माणूस बदकासारखा या अंगावरून त्या अंगावर डुलत चालतो. नऊ महिने भरत आलेली बाई पण तशीच चालते, तिथं काळजीचं कारण नाही. आणि टॉडल म्हणजे नुकतं पाय फुटलेलं बाळ : पाय फाकवून, हात वर धरून, दुडूदुडू, आणि पडेल तिथं बसून टाळ्या.

डॉक्टरांपुढं ‘पाय घासत चालतात’ एवढं कुणी नेमकं सांगितलं, तर आजार काही महिने आधी लक्षात येऊ शकतो. मुलांना चाल बघायला शिकवणं वाया जाणार नाही.

---

सरळमार्गी

हे पटलं. आमचे अण्णा पाय घासतात. या आठवड्यात दाखवून आणतो.

---

चालचिकित्सा

नक्की दाखवा. घाबरू नका, वयानं किंवा गुडघ्यानंही होतं. पण दाखवा.

---

अनुवादवेडी

@चालचिकित्सा, वॅडल हा ‘वेड’ या क्रियापदापासून झालाय (आपलं वेड नव्हे, पाण्यातून चालणं). शेवटी ‘ल’ लागून तीच छोटी हालचाल पुन्हा पुन्हा होते असा भाव येतो. टॉडल, हॉबल, शफल त्याच वळणाचे. आपण तेच काम शब्द दुमडून करतो : दुडूदुडू, लुटूलुटू, लटपट. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात असे दुमडलेले शब्द बघत बसलं तर संध्याकाळ होते.

---

आयर्विन_पूल

‘वेड’चा विषय निघाला म्हणून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत होतो आम्ही सगळे. गणपती पेठेच्या बाजूला पाणी आधी घोट्याला, मग गुडघ्याला, मग मांडीला. वेड म्हणजे नुसतं पाण्यातून चालणं नाही. पाय पुढं टाकायच्या आधी तळाला चाचपायचा, कारण गटाराची झाकणं उघडी होती आणि पाणी गढूळ. मी आईला पुढं हाताला धरून, बायको मागं, मुलगी खांद्यावर. तळ लागतो तोवर वेड. तळ सुटला की पोहणं. त्या दोन शब्दांमधल्या रेषेवर आम्ही एक दुपार काढलीय. शेवटी नाव आली.

२००५ ला मी शाळेत होतो, तेव्हा हे सगळं गंमत वाटलेलं.

---

हरभट_रोड

आमचं दुकान तेव्हा छातीभर पाण्यात होतं. नुसतं वाचून अंगावर काटा आला, भावा.

---

सुभेदार_सातारा

उशिरा आलो. सैन्यातून निवृत्त, आमच्या अपशिंग्याच्या घराघरात फौजी. तेव्हा मार्चवर बोलायचा हक्क मागतो.

मार्च म्हणजे जोरात चालणं नव्हे. मार्चमध्ये पाऊल मोजलेलं असतं. ‘तेज चल’ला मिनिटाला १२० पावलं, एकेक पाऊल ३० इंचांचं. गुणाकार करा : मिनिटाला बरोबर १०० यार्ड. उंच माणसाला लांब ढांग टाकायची मुभा नाही, बुटक्याला आखूड टाकायची नाही. स्ट्राइड याच्या उलट : ज्याची त्याची मोठी ढांग, मनात निश्चय. आमचे एक साहेब मैदानात मार्च करायचे आणि मेसकडं निघाले की स्ट्राइड. मुलांना मैदानात दोन्ही करून दाखवा, एका मिनिटात कळेल.

आणि ‘पेस’. ऑपरेशन थिएटरबाहेर येरझाऱ्या घालतो तो. त्याच शब्दाच्या लॅटिन पूर्वजावरून मैल आला : रोमन सैन्याची हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल.

---

ऊसतोड्या_रस्ता

कराड-शिराळ्याकडं एक शब्द आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही : प्राऊल. उसात बिबट्या फिरतो तो प्राऊल. दबकत, पण घाबरून नव्हे, भक्ष्य हेरत. दबकत चालणारा उंदीर पण असतो, त्याला क्रीप म्हणा फार तर. प्राऊल त्याला शोभत नाही.

---

पायवाट

एक प्रश्न खूप दिवस मनात आहे. वारीच्या चालण्याला इंग्रजीत काय म्हणाल? गेल्या वर्षी लोणंद ते तरडगाव माउलींच्या पालखीबरोबर चाललो. ट्रेक?

---

चौखूर

ट्रेक नको. तो दक्षिण आफ्रिकेतल्या डचांच्या वंशजांचा शब्द, मूळ अर्थ ओढणं : बैलगाड्यांना बैल जुंपून बिऱ्हाड हलवणं. १८३० च्या दशकात केपमधून इंग्रजांच्या राज्याबाहेर गाड्या निघाल्या त्यावरून तो रूढ झाला. आपण अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलो की ट्रेक म्हणतो, तो फार नंतरचा अर्थ.

---

हरभट_रोड

बिऱ्हाड बैलगाडीवर म्हणजे ऊसतोडवाले! खरा ट्रेक तेच करतात की.

---

सुभेदार_सातारा

वारी मार्च आहे. ओळी आहेत, दिंडीला नंबर आहे, टाळाची लय आहे, शिस्त आहे.

---

पायवाट

काका, नम्रपणे असहमत. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व धावून गेला, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावत होते. त्यानंतर शेजारची एक सत्तरीची आजी, डोक्यावर तुळस, अनवाणी, टाचा भेगाळलेल्या, पावली खेळत निघाली. दोन पावलं पुढं, एक मागं. पाय दुखत होते तिचे, सकाळी मीच तेल दिलं होतं. म्हणजे हॉबल व्हायला हवं होतं. पण नव्हतं. ट्रज म्हणावं तर थकवा नाही, स्ट्रोल म्हणावं तर फेरफटका नाही, मार्च म्हणावं तर मोजणारा कुणी नाही.

---

अनुवादवेडी

मी एकदा या जागी साधं ‘वॉक’ ठेवलं आणि बाकी सगळं वाक्यात सांगितलं. गंमत म्हणजे वॉकचाही मूळ अर्थ चालणं नाही. जुन्या इंग्रजीत तो लोळणं, घोळणं असा होता. लोकरी कापड पाण्यात तुडवून घट्ट करणाऱ्याला वॉकर म्हणत, ते आडनाव अजून आहे.

---

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

सोमवार झाला! सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

फळ्यावर एकही अर्थ लिहिला नाही. चिठ्ठ्यांवर शब्द लिहिले आणि दारापासून फळ्यापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. सुभेदारकाकांचा मार्च आणि स्ट्राइड मैदानात केला, मुलांनी तीस इंचांची पट्टी करून मापं घेतली. सॉन्टरची चिठ्ठी नेमकी रोज उशिरा येणाऱ्या मुलाला आली आणि तो काही न करता नेहमीसारखा आला, वर्ग हसून हसून लोळला, तोही हसला.

ट्रज त्याच मागच्या बाकावरच्या मुलीला आला. ती दाराबाहेर गेली, दप्तर खांद्यावरून काखेत घेतलं, चपला काढून हातात धरल्या. डावा हात गुडघ्यावर टेकत, कंबर सरळ न करता, प्रत्येक फरशीवर क्षणभर थांबत आली. फळ्याजवळ आल्यावर दप्तर टाकलं नाही, हळूच खाली ठेवलं. म्हणाली, “भांगलणीहून येताना आजी विळा असा ठेवती. टाकला तर परत वाकावं लागतंय.” वर्गात कुणी हसलं नाही. एकानं नुसतं म्हटलं, “ट्रज.”

मग तिनंच मला पुढचा प्रश्न घातला, तो इथं आणलाय. “बाई, आई डोक्यावर दोन हंडे घेऊन येती तवा मान हालत न्हाई, कंबर हालती, आन् ती भराभर येती. त्याला इंग्रजीत काय?” मला येईना. काय सांगू?

---

अनुवादवेडी

‘ग्लाइड’ सुचतं, पण त्यात वजन नाही, तरंगणं आहे. ‘स्वे’मध्ये डुलणं आहे, घाई नाही. एका शब्दात नाहीच हे.

---

चौखूर

अँबलचं न हिंदकळणं आहे त्यात, पण घोडा खुशीत असतो.

---

चालचिकित्सा

मान स्थिर ठेवून सगळा तोल कमरेत घेतात. वर्षानुवर्षांच्या सवयीनं येतं ते. नाव आमच्या पुस्तकातही नाही.

---

माणदेशी

पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडं माणात उन्हाळ्यात टँकर येईपर्यंत बायका अशाच चालायच्या, माझी आई पण. पहाटे कुणी घरी आलं आणि विचारलं, आई कुठाय, तर आम्ही ‘चालत गेलीय’ कधी म्हटलं नाही. ‘पाण्याला गेलीय’ म्हणायचो. कशी चालते ते ज्याला त्याला ठाऊक असायचं.

---

कृष्णाकाठची (धागाकर्ती)

उद्या पहिल्या तासाला तिला हेच वाचून दाखवते.